आडव्या विहिरीत पाइपावर लॉगिंग: मड माघारी येऊ नये म्हणून कोणतं काम कधी करायचं

पंप बंद झाला, टॉप ड्राइव्ह (पाइप वरून धरून फिरवणारं यंत्र) सोडला आणि पाइपाच्या तोंडातून मड, म्हणजे विहिरीत भरलेला चिखलद्रव, वर आला. रिगच्या फ्लोअरवरचा माणूस नवा असेल तर ओरडतो, "किक!", म्हणजे खडकातलं काहीतरी विहिरीत शिरलं. जुना असेल तर हात झटकतो, "काही नाही रे, यू-ट्यूब आहे, थांबेल," म्हणजे पाइपाच्या आतल्या आणि बाहेरच्या मडच्या वजनात फरक आहे, एवढंच. दोघांपैकी कोणीही काही मोजलेलं नसतं. नवा निदान सावध तरी असतो. मला भीती वाटते ती जुन्याची.

हा लेख ड्रिल पाइपाच्या टोकाला टूल्स लावून केलेल्या लॉगिंगबद्दल, म्हणजे विहिरीतल्या खडकाच्या मोजणीबद्दल आहे. मुंबईच्या समुद्रातल्या मुंबई हाय, हीरा, नीलम या तेलक्षेत्रांतल्या आडव्या विहिरींवर हे काम ज्यांच्या वाट्याला येतं त्या असिस्टंट ड्रिलर, मड इंजिनियर आणि लॉगिंगच्या मुलांसाठी तो लिहिला आहे. विहिरीचा कल ६०-६५ अंशांपुढे गेला की टूल स्वतःच्या वजनाने उतरत नाही, पाइपाने ढकलावं लागतं. ट्रॅक्टर (टूल ओढून नेणारं चाकांचं यंत्र) आणि कॉइल्ड ट्युबिंग (गुंडाळीची सलग नळी) यांची गोष्ट वेगळी, ती इथे घेत नाही. तुमच्या रिगची लेखी विहीर-नियंत्रण पद्धत या लेखापेक्षा मोठी, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

आकड्यांसाठी एक विहीर

पुढचे सगळे आकडे एकाच कल्पित विहिरीचे आहेत. ९⅝ इंची केसिंगचा (विहिरीच्या पोलादी अस्तराचा) शू, म्हणजे खालचं टोक, १,७५० मीटरवर, कल ८२ अंश. पुढे ८½ इंची उघडी आडवी विहीर २,४५० मीटरपर्यंत. उभी खोली १,३९० मीटर. मड १.१५ ग्रॅम प्रति सीसी. पाइप ५ इंची, फुटाला १९.५ पाउंडाचा. त्याच्या आत मीटरला ९.२६ लिटर मड मावतो आणि पाइप व केसिंगच्या मधल्या जागेत, म्हणजे अ‍ॅन्युलसमध्ये, मीटरला सुमारे २५.५ लिटर. हे दोन आकडे तुमच्या पाइपासाठी आणि केसिंगसाठी काढा आणि ड्रिलरच्या केबिनमध्ये पांढऱ्या फळ्यावर लिहा. वहीत असून उपयोग नाही.

मड माघारी येतो कशाने

गवंडी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने भिंतीची पातळी जुळवतो. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येतं. त्याच नळीत एका बाजूला रॉकेल आणि दुसऱ्या बाजूला पाणी भरलं तर रॉकेलची बाजू वर चढते. विहिरीतही पाइप ही एक बाजू आणि अ‍ॅन्युलस दुसरी. अ‍ॅन्युलसमध्ये कटिंग्ज (ड्रिलिंगमधला खडकाचा चुरा) भरून तिथला मड १.१८ झाला आणि पाइपात १.१५ च राहिला, तर फरक फक्त ०.०३. गुणिले १,३९० मीटर, भागिले १०: सुमारे ४.२ किलो प्रति चौरस सेंमी, म्हणजे ६० पीएसआय. हा तोल सांभाळायला अ‍ॅन्युलसची पातळी ३५ मीटर खाली जावी लागते. तेवढ्यात पाइपातून जवळपास ९०० लिटर मड फ्लोअरवर सांडतो. दुसऱ्या दशांशस्थानातल्या फरकाने एवढं होतं.

हा गुणाकार उभ्या खोलीनेच करायचा. २,४५० ने गुणणारे मी दर वर्षी पाहतो. आडव्या भागाची लांबी दाबात काहीच भर घालत नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. चुनखडकातल्या भेगा पंप चालू असताना मड गिळतात आणि पंप बंद झाल्यावर परत देतात. पंपाचा दाब लाइनमध्ये अडकून राहतो. थंड मड खाली गेल्यावर तापून थोडा फुगतो. आणि शेवटचं कारण म्हणजे खडकातून खरंच काहीतरी विहिरीत शिरतंय.

पाइपाच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं तर ही सगळी कारणं सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक ट्रिप टँकमध्ये, म्हणजे विहिरीत गेलेला-आलेला मड मोजायच्या छोट्या टाकीत, कळतो.

टप्पा १: न्हाव्याहून बोट सुटण्याआधी

रिगवर पोहोचल्यावर आठवलेली वस्तू पुढच्या बोटीने येते, म्हणून यादी किनाऱ्यावरच करा.

ड्रिलिंग करताना पाइपात बसवतो तो फ्लोट व्हॉल्व्ह (मड उलटा वर येऊ न देणारा) इथे सहसा नसतो, कारण टूल्स खाली पोहोचल्यावर केबलच्या टोकाचा वेट कनेक्टर वरून पाइपातून येऊन टूल्सवरच्या डॉकिंग हेडमध्ये बसतो (यालाच लॅच म्हणतात), आणि त्याला तिथपर्यंत मोकळी वाट लागते. म्हणजे पाइपाला खालून झाकण नाही. झाकण असेल ते वरच: पूर्ण उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे आपल्या भाषेत फ्लोअरवरचा केली कॉक. तो उघड्या स्थितीत ठेवा, किल्ली त्याच्याजवळ दोरीने बांधा, आणि आटे पाइपाशी जुळतात का ते प्रत्यक्ष फिरवून बघा.

पुढची गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. टूल्स फ्लोअरच्या पातळीवर असताना हा व्हॉल्व्ह त्यांच्या आट्यांवर बसत नाही, आणि बीओपीचा (विहिरीच्या तोंडावरच्या बंद करायच्या व्हॉल्व्हसंचाचा) पाइप रॅमही टूलच्या जाडीवर बंद होत नाही. म्हणून टूलचे आटे ते पाइपाचे आटे असा क्रॉसओव्हर, त्यावर एक सिंगल पाइप आणि वर सेफ्टी व्हॉल्व्ह, असा जोड तयार करून बाजूला ठेवायचा. काही झालं तर तो जोडायचा, टूल्स बीओपीच्या खाली सोडायची आणि मग पाइपावर बंद करायचं.

यादीतलं बाकी: केबल कापायची कातर, साइड एंट्री सबच्या (केबल पाइपाबाहेर काढणाऱ्या जोडाच्या) पॅक-ऑफचे, म्हणजे केबलभोवतीच्या सीलचे, सुटे रबर, ड्रिफ्ट (पाइपाची आतली वाट तपासायचा ठोकळा), मड बकेट (पाइपातून सांडणारा मड धरणारं भांडं) आणि तिची नळी.

तपासा: मड बकेटची नळी कुठे सोडली आहे? थेट ट्रिप टँकमध्ये हवी. ती शेकरकडे (मड चाळणाऱ्या यंत्राकडे) सोडली असेल तर पाइपातून किती मड आला हे कधीच कळणार नाही, आणि पुढचा सगळा हिशोब तिथेच संपतो.

टप्पा २: विहीर धुवा, आणि आकडे आत्ताच गोळा करा

आडव्या भागात कटिंग्ज खालच्या अंगाला झोपतात. ४० ते ६० अंशांच्या वळणात त्या झोपतही नाहीत. पंप थांबला की थराचा थर घसरत खाली येतो. तुमची टूल्स याच वळणातून जाणार आहेत.

म्हणून ड्रिलिंग संपल्यावर एकदा तळाचा मड वर आला की झालं, असं समजू नका. आडव्या विहिरीत दोन-तीन वेळा तरी, आणि पाइप चांगला फिरवत, सर्क्युलेशन (पंपाने मड खाली नेऊन वर आणणं) करावं लागतं. पाइप न फिरवता नुसता पंप चालवला तर मड वरच्या अंगाने निघून जातो आणि थर जागच्या जागी राहतो. शेकरवर येणाऱ्या कटिंग्ज कमी झाल्या का ते बघा. घड्याळाकडे बघून पंप बंद करू नका.

हे चालू असतानाच दुसरं काम उरकायचं. शेवटच्या काही कनेक्शनच्या (नवा पाइप जोडायच्या) वेळी पंप बंद केल्यावर किती लिटर परत आले आणि किती मिनिटांत थांबले, ते लिहा. समजा पाचही वेळा ६०० लिटरच्या आसपास आले आणि चार मिनिटांत थांबले. ही तुमच्या विहिरीची सवय झाली. त्या लिटरांत वरच्या लाइनींमधून निथळणारा मडही धरलेला असतो. चालेल, दर वेळी तो सारखाच असतो. लॉगिंगच्या वेळी हाच आकडा ९०० झाला किंवा चार मिनिटांचे नऊ झाले, तर काहीतरी बदललं आहे हे ओळखता येईल. सवय ठाऊक नसेल तर कोणताही आकडा नेहमीचाच वाटतो.

थांबा: ही नोंद नसेल तर ड्रिलिंगचा पाइप वर काढण्याआधी तीन वेळा पंप चालू-बंद करून ती तयार करा. अर्धा-पाऊण तास जातो.

टप्पा ३: दोन्ही बाजूंचं वजन एक करा

आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या मडचं वजन दर १५ मिनिटांनी घ्या. तळाचा मड वर येईपर्यंत बाहेरचा आकडा वर-खाली होत राहील. आत १.१५ आणि बाहेर १.१५, असं सलग चार-पाच नोंदींत दिसायला हवं. एकदाच जुळलं म्हणजे जुळलं असं होत नाही. वळणाच्या भागात जड कण खाली बसलेले असतील तर मधल्या वीस मिनिटांत जड मडचा एक पट्टा येऊन जातो, आणि नमुना घेणारा नेमका तेव्हाच चहाला गेलेला असतो.

नमुना शेकरच्या आधी घ्या. चाळून झाल्यावर घेतला तर कटिंग्ज निघून गेलेल्या असतात आणि वजन खोटं हलकं येतं. मडच्या तराजूचं कॅलिब्रेशन त्याच दिवशी गोड्या पाण्याने करा.

*स्लगबद्दल*

पाइप कोरडा राहावा म्हणून वरच्या भागात जड मडचा स्लग सोडतात. हिशोब सोपा आहे. पाइप ६० मीटर कोरडा हवा, स्लग १.४० चा: ६० गुणिले ९.२६ गुणिले १.१५, भागिले (१.४० वजा १.१५). उत्तर सुमारे २,५६० लिटर, म्हणजे पाइपात २७६ मीटर लांबीचा स्लग.

हिशोब बहुतेकांना जमतो. चूक होते ती स्लग कधी सोडायचा यात. घाईत आधी स्लग सोडतात आणि नंतर केबल घालून कनेक्टर पंपाने खाली ढकलतात. त्या पंपिंगने स्लगही खाली सरकतो. आपल्या विहिरीत शूपर्यंतच्या पाइपात एकूण १६,२०० लिटर मावतात. लॅचचे दोन-तीन प्रयत्न फसले की एवढा मड सहज जातो. स्लग आधी वळणात शिरतो. तिथे त्याची लांबी तेवढीच राहते पण उभी उंची कमी होते, म्हणून जोर अर्ध्यावर येतो. मग तो टूल्सवरच्या पोर्टमधून (मड जायच्या भोकांतून) बाहेर पडून अ‍ॅन्युलसमध्ये चढतो. आता जड बाजू अ‍ॅन्युलसची झाली. जो मड माघारी येऊ नये म्हणून स्लग सोडला, तो आता स्लगमुळेच येतो.

माझं मत विचाराल तर लॅच होईपर्यंत स्लग वापरूच नका. दोन्ही बाजूंचं वजन एक करा आणि त्यावर काम चालवा. स्लग ठेवायचा तो शेवटी वर निघताना. आणि उत्पादक थर उघडा असेल तर स्लगमध्ये बराइट (मड जड करायची पूड) घालू नका. कॅल्शियम कार्बोनेट वापरा. चुकून थरात गेलं तरी ते आम्लात विरघळतं, बराइट विरघळत नाही.

टप्पा ४: टूल्स घेऊन शूपर्यंत उतरणं

टूल्सच्या वर सर्क्युलेशनची पोर्ट असतात आणि ती उघडी असतात. पाइप खाली जाताना मड त्या पोर्टमधून आत शिरतो आणि पाइप 'आपोआप' भरतो. सोय वाटते ती. पण तो मड अ‍ॅन्युलसमधला असतो आणि सोबत कटिंग्ज घेऊन येतो. पाइपात आल्यावर कटिंग्ज शांतपणे खाली बसतात, आणि खाली असतं डॉकिंग हेड, ज्यात उद्या कनेक्टर बसायचा आहे.

हे मी स्वतः भोगलं आहे. पहाटे तीनचा सुमार, लॅचचा तिसरा प्रयत्न. दर वेळी कनेक्टर खाली टेकायचा, पंपाचा दाब थोडा वाढायचा, पण टूलला वीज मिळायची नाही. शेवटी सगळी स्ट्रिंग वर काढली. डॉकिंग हेडमध्ये बोट घातलं तर आत राखाडी लोणीच: पाइपाच्या आट्यांचं ग्रीस, चुनखडीची पूड, वर रबराचे दोन तुकडे. शीटवर दर पाच स्टँडला (स्टँड म्हणजे तीन पाइपांचा जोड) 'पाइप वरून भरला' असं लिहिलेलं होतं आणि खाली सही माझी होती. भरताना मी पाहिलं नव्हतं. विचारलं होतं आणि "हो साहेब" असं उत्तर मिळालं होतं.

म्हणून हे करा.

१. पाइप उभा असतानाच प्रत्येक स्टँडमधून ड्रिफ्ट टाका. आतला गंज आणि सिमेंटचे पापुद्रे वरच पडू द्या.

२. ग्रीस फक्त पिनला (बाहेरच्या आट्यांना) लावा, तेही पातळ. बॉक्समध्ये (आतल्या आट्यांत) थापलेलं ग्रीस आवळताना आत ढकललं जातं.

३. उतरण्याचा वेग कमी ठेवा. वेग जास्त असेल तर खालून मड जोरात शिरतो, शिवाय खाली दाब वाढून भेगा मड गिळतात आणि तो नंतर परत देतात.

४. दर पाच स्टँडला स्वच्छ, गाळलेला मड वरून भरा. पाइपाच्या तोंडाशी मड दिसेपर्यंत. दर दहा स्टँडला थोडं सर्क्युलेशन करून पोर्ट आणि डॉकिंग हेड धुवा.

५. भरलेले लिटर मोजा. पाच स्टँड म्हणजे सुमारे १४० मीटर, म्हणजे जवळपास १,३०० लिटर जागा. वरून ३०० लिटरच मावले तर बाकीचे हजार खालून आले आहेत. वेग कमी करा.

किरणोत्सारी स्रोत टूलमध्ये घालण्याआधी दहा मिनिटं फ्लो चेक (पंप बंद ठेवून मड वाहतो का ते बघणं) करा. विहीर शांत आहे हे बघूनच स्रोत त्याच्या पेटीतून बाहेर काढायला सांगा. एकदा तो आत गेला की टूल सोडून देण्याचा निर्णय फार महागात पडतो.

टप्पा ५: पाइप उघडण्याआधी

टूल्स शूजवळ, १,७४० मीटरच्या आसपास पोहोचली. आता पाइप उघडून केबल आत घालायची आहे. सगळ्या कामात पाइप सर्वांत उघडा पडतो तो याच वेळी, कारण पुढचा अर्धा-पाऊण तास तोंडातून केबल गेलेली असते आणि वर व्हॉल्व्ह बसवता येत नाही. म्हणून इथे घाई नको.

१. तळाचा मड वर येईपर्यंत सर्क्युलेशन. टप्पा ३ मधले वजनाचे आकडे पुन्हा घ्या.

२. पंप एकदम बंद करू नका, टप्प्याटप्प्याने उतरवा. एकदम बंद केल्याने भेगांमधला मड एका झटक्यात परत येतो आणि खरा फ्लो त्यात लपतो.

३. स्टँडपाइपचा (पंपाकडून येणाऱ्या नळीचा) दाब सोडा. गेजवर शून्य दिसलं तरी गेज आणि पाइप यांच्यामध्ये एखादा व्हॉल्व्ह बंद तर नाही ना, ते माणूस पाठवून बघा. बंद व्हॉल्व्हपलीकडचा गेज पाइपात दाब असला तरी शून्यच दाखवू शकतो.

४. परत येणारा मड ट्रिप टँकमध्ये घ्या आणि नेहमीच्या सवयीशी जुळवा. लिटर आणि मिनिटं, दोन्ही.

५. पूर्ण थांबल्यावर पंधरा मिनिटांचा फ्लो चेक.

६. मगच टॉप ड्राइव्ह सोडा. पहिला आटा सुटताना कोणी पाइपावर वाकलेलं नको.

थांबा: आडव्या विहिरीत फ्लो चेक स्वच्छ आला म्हणजे विहीर स्वच्छ आहे, असा अर्थ निघत नाही. आडव्या भागात शिरलेला वायू तिथेच पसरून पडतो. त्याला उभी उंची नसते, म्हणून तळाचा दाब कमी होत नाही आणि वर काही दिसत नाही. तो वळणात चढायला लागला की मग एकदम जाणवतो. म्हणून शूजवळचं सर्क्युलेशन टाळायचं नाही, आणि ते चालू असताना मडमधल्या वायूच्या आकड्यावर एकाने नजर ठेवायची.

टप्पा ६: साइड एंट्री सब, केबल आणि लॅच

साइड एंट्री सबमुळे केबल पाइपाच्या आतून बाहेर येते. त्याच्या खाली ती पाइपाच्या आत असते, वर पाइपाच्या बाहेर. त्यामुळे सब आवळून वर पाइप जोडला की पाइपाचं तोंड पुन्हा मोकळं होतं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बसवता येतो. म्हणून सब आवळेपर्यंतचं काम शक्य तितक्या लवकर संपवा. कनेक्टर पाइपात लटकवून ठेवून जेवायला जाऊ नका. हसू नका, असं होतं.

कनेक्टर ६० अंशांपर्यंत स्वतःच्या वजनाने जातो. आपल्या विहिरीत हे साधारण १,४२० मीटरवर येतं. तिथून १,७४० पर्यंत पंपाने ढकलायचा, म्हणजे पाइपातले किमान ३,००० लिटर. कडेने निसटणारा मड धरून त्याहून जास्त. किती गेला त्याची मोजणी पहिल्या लिटरपासून ठेवा.

पॅक-ऑफ केबलभोवती घट्ट बसला आहे का ते आधी कमी दाबावर बघा. तो गळत असेल तर पाइपातला मड तिथून अ‍ॅन्युलसमध्ये जातो, आणि पंप थांबल्यावर उलट्या दिशेनेही येतो.

कनेक्टर बसल्याची खूण एकट्या दाबावर घेऊ नका. दाब वाढला, केबलचा ताण बदलला आणि टूलला वीज मिळून उत्तर आलं, असं तिन्ही झाल्यावर लॅच झालं म्हणा. त्यानंतर पंप हळूहळू उतरवा. इथे एकदम बंद केला आणि मड माघारी उसळला तर तो कनेक्टरला वर ढकलतो. लॅच कच्चा असेल तर सुटतो आणि वर ढिली पडलेली केबल पाइपात गुंडाळली जाते. पंप थांबल्यावर पाच मिनिटं काहीही हलवू नका. टूल अजून उत्तर देतंय ना?

टप्पा ७: लॉगिंग चालू असताना

सब केसिंगच्या बाहेर उघड्या विहिरीत जाता कामा नये, तिथे बाहेरची केबल खडकाला घासून चिरडते. आपल्या विहिरीत टूल्स ७०० मीटर पुढे जाणार, म्हणजे सबही ७०० मीटरपर्यंतच खाली जाईल. शू १,७५० वर असल्याने भरपूर अंतर उरतं.

सब बीओपीच्या खाली गेला की बीओपीच्या तोंडातून पाइप आणि केबल दोन्ही जात असतात. अशा वेळी अ‍ॅन्युलर (बीओपीचं गोल रबरी सील) बंद केला तरी केबलच्या कडेने गळू शकतो, आणि पाइप रॅम केबल चिरडतो. केबल कधी, कोणी, कोणाच्या हुकमाने कापायची हे उतरण्याआधीच्या बैठकीत नावानिशी ठरवा. आणीबाणीत 'कापू का?' असं विचारत तीन माणसं फोनवर असतील तर उशीर झालाच.

खाली जाताना पाइप वरून भरणं चालू ठेवा. वर येताना वेग हळू. टूल्स जाड असतात आणि ८½ इंची विहिरीत ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी मड ओढतात. ओढ जास्त झाली की खडकातला वायू आत येतो आणि आडव्या भागात गुपचूप पडून राहतो.

ट्रिप टँक: २८ मीटरचा स्टँड वर काढला की पोलादाच्या बदली सुमारे ११० लिटर मड भरावा लागतो, पाच स्टँडला ५५० लिटर. केबलचे मीटरला जेमतेम ०.१ लिटर. दुर्लक्ष केलंत तरी चालेल, पण शीटवर रकाना ठेवा, म्हणजे कमी पडलेल्या मडचं खापर कोणी केबलवर फोडणार नाही.

तरीही मड आलाच तर

आधी सेफ्टी व्हॉल्व्ह, मग विचार. पाइपात केबल नसेल किंवा सब आवळून झाला असेल तर उघडा व्हॉल्व्ह पाइपावर बसवा, आवळा, बंद करा. मग रिगच्या पद्धतीप्रमाणे विहीर बंद करा आणि दोन्ही बाजूंचे दाब वाचा. केबल आत असताना आणि सब जोडलेला नसताना आला तर बैठकीत ठरल्याप्रमाणे केबल कापा आणि व्हॉल्व्ह बसवा. एका लॅचचं नुकसान होईल, होऊ द्या.

व्हॉल्व्ह हाताशी तयार असेल, प्रवाह बारीक असेल आणि टूलपुशर (रिगच्या कामाचा प्रमुख) शेजारी उभा असेल, तरच मोजायला उभं राहायचं. त्यासाठी ट्रिप टँकचा पंप चालू ठेवून अ‍ॅन्युलस भरलेला ठेवा. पाइपातून येणारा मड या मोजणीपुरता बकेटने एका मोजलेल्या टाकीत घ्या, एरवीसारखा ट्रिप टँकमध्ये जाऊ देऊ नका. दोन आकडे शेजारी लिहा: पाइपातून किती आले आणि ट्रिप टँकमधून किती गेले.

पाइपातून १०० लिटर आले आणि ट्रिप टँक १०० लिटरनेच उतरला, तर विहिरीत नवीन काही शिरलेलं नाही. मड एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने येतोय. पाइपातून १०० आले आणि टँक ४० नेच उतरला, तर ६० लिटर खालून आले आहेत. विहीर बंद करा.

यातही फसायची एक जागा आहे. अ‍ॅन्युलस भरत राहिलात तर यू-ट्यूबचा प्रवाह लवकर थांबत नाही, कारण जड बाजूची पातळी खाली उतरू दिलेली नसते. "थांबत नाही म्हणजे किक" असं म्हणून मंडळी घाबरतात ती इथे. आणि भरणं बंद केल्यावर थांबला म्हणून निश्चिंत होणारेही चुकतात, कारण भेगांमधून परत येणारा मडही तसाच थांबतो. टँकचा आकडाच खरा. तो लागत नसेल, दोघांत एकमत होत नसेल, किंवा प्रवाह वाढत असेल तर बंद करायचं. उगाच बंद केली म्हणून कोणाला बोल लागलेला मी पाहिलेला नाही.

टप्पा ८: वर निघताना

सब फ्लोअरवर आला, कनेक्टर सोडवून केबल वर काढली, की पुन्हा फ्लो चेक. आता पाइपात काही नाही, तेव्हा स्लग सोडायचा तर इथे. त्याआधी एकदा सर्क्युलेशन करून पोर्ट मोकळी आहेत का ते दाबावरून बघा. पोर्ट बुजलेली असतील तर पाइप भरलेलाच वर येतो आणि दर स्टँडला सुमारे २६० लिटर मड फ्लोअरवर सांडतो. त्या वेळी भरायचा मडही बदलतो. ११० लिटरवर आणखी २६०, म्हणजे स्टँडला ३७० लिटर. जुन्या आकड्याने भरत राहिलात तर अ‍ॅन्युलसची पातळी नकळत खाली जाते.

टूल्स बीओपीच्या खाली असताना शेवटचा फ्लो चेक करा. क्रॉसओव्हरचा जोड पुन्हा फ्लोअरवर आणून ठेवा. बऱ्याचदा तो पहिल्या दिवशी वापरून झाल्यावर पाइप डेकवर कुठेतरी पडलेला असतो.

स्रोत काढून झाल्यावर, टूल्स उचलण्याआधी, डॉकिंग हेडमध्ये स्वतः बोट घालून बघा. हाताला काय लागलं ते ट्रिप शीटच्या मागे लिहा: किती ग्रीस, किती पूड, रबर आहे का. कनेक्शनच्या वेळचे लिटर आणि मिनिटं त्याच्या खाली. शेजारच्या विहिरीवर जाणाऱ्या पुढच्या क्रूच्या हातात तोच कागद द्या.